भिंतीचे टाके

"अक्का, मग माझ्या व्रतात कमी काय पडलं?"

महानंदाबाईंनी मठाच्या पायऱ्या चढता चढताच विचारलं. नमस्कार राहिलाच.

टेकडीवरच्या त्या मठात अक्का एकट्या राहायच्या. आता मांडीवर वाकळ होती, हातात सुई. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी बस. धाप लागलीये तुला."

"बसू कशी? सोमवार चुकवला नाही, चातुर्मासात कांद्याला शिवले नाही. आणि धरणी हलली तेव्हा भिंत पडली ती माझी! शेजारच्या पार्वतीला उपवासाला काय चालतं तेही धड ठाऊक नाही. तिचं घर जागच्या जागी!"

"पार्वती वाचली याचं वाईट वाटतंय?"

"तसं नव्हे हो..."

महानंदाबाई खाली बसल्या.

पार्वतीनं भूकंपाआधी आपल्या जुन्या घराच्या भिंती सळया घालून पक्क्या करून घेतल्या होत्या. महानंदाबाईंच्या सुनेनं, रेणुकानं, त्याच गवंड्याला घरी आणलं होतं. भिंत जुनी, दगडमातीची, चांगली हातभर जाड. पण आतली बाजू वेगळी, बाहेरची वेगळी, मधे नुसता भराव. गवंडी म्हणाला, जागोजागी आरपार भोकं पाडू, सळया घालून सिमेंटनं भरू, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवू. दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहतील.

महानंदाबाई देवघराच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या होत्या.

"माझं व्रत चालू आहे. हिला पहार लागायची नाही. फोडायची एवढी हौस असेल तर माहेरची फोड!"

रेणुका माहेरी गेली नाही. नवऱ्याला आणि लेकीला घेऊन तालुक्याला भाड्याच्या खोलीत गेली.

घर शांत झालं. इतकं शांत, की आरतीची घंटा थांबली की महानंदाबाईंना आपलाच श्वास ऐकू यायचा. प्रसादाचा शिरा गाईच्या पुढ्यात जायचा.

मग धरणी हलली. भिंतीची बाहेरची बाजू गल्लीत कोसळली, आतली तेवढी उभी राहिली. त्यावर मुलाचा निरोप आला... आतल्या बाजूला भोकं पाडून नवी बाहेरची तिला जोडून घे, तर येतो. नाहीतर लेकराला घेऊन त्या घरात पाऊल टाकणार नाही.

बोलता बोलता महानंदाबाईंची नजर वर गेली.

"अक्का! तुमची भिंत तर तडकलीये."

"तडकलीये."

"हिला सळया घातल्या होत्या ना? पट्टासुद्धा?"

"घातला होता."

"बघा!" महानंदाबाईंना किती दिवसांनी जरा बरं वाटलं. "एवढं करून तडे जायचे ते जातातच. मग उपयोग काय?"

"त्या दिवशी मी इथंच बसले होते. भिंत नुसती कण्हत होती. माती माझ्या डोक्यावर पडली."

"मग?"

"डोकं धुतलं."

महानंदाबाईंना हसू येता येता राहिलं.

अक्कांनी वाकळेचा न शिवलेला कोपरा त्यांच्या हातात दिला. "उचल बघू."

उचलला, तशा मधल्या चिंध्या घसरून खाली गोळा झाल्या. वरचं लुगडं एकीकडे, खालचं एकीकडे.

"आता हा."

शिवलेला कोपरा जसाच्या तसा वर आला. महानंदाबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. टाक्याटाक्याला सुई आरपार गेलेली.

मग कोपरा हळूच खाली ठेवला.

"पण देवघराची भिंत आहे, अक्का. देवाला खपेल?"

"विचारलंस त्याला?"

"विचारलं नाही." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "सांगितलं होतं."

अक्का दोरा ओवत राहिल्या.

"उद्यापन तोंडावर आलंय," महानंदाबाई म्हणाल्या. "पाट मांडून ठेवलेत. बसायला माणूस नाही."

पदर डोळ्यांना लागला. अक्कांनी लागू दिला.

मग महानंदाबाईंनीच तोंड पुसलं आणि त्या ताठ बसल्या. घर चालवणाऱ्या बाईचा आवाज परत आला.

"ठीक आहे. पाडू देत भोकं. भिंत पुरी होऊ दे, गिलावा होऊ दे, घर झाडून पुसून लख्ख करते. मग रेणुकाला बोलावणं धाडते. नाव ठेवायला जागा नको."

अक्कांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"धूळ उडत असताना बोलाव."