पाळण्यावरचा पतंग

पूर्वी कुंभवती नगरीत अरिष्टसेन राजाचे राज्य चालू असता बोधिसत्त्व त्याचा अमात्य म्हणून जन्मला होता. राजा मनाने चांगला, पण भारी उतावळा.

एका सकाळी राजपुत्राच्या पाळण्याच्या दोरीवर वीतभर रुंद पतंग बसलेला दिसला. पंखांच्या टोकांना सापाची तोंडे, पांघरुणावर तांबडे डाग आणि तान्हे बाळ तापाने फणफणलेले. दारे तर रात्रभर बंद होती. पुरोहित वज्रकेश म्हणाला, "महाराज, ही रक्त पिणारी हडळ आहे. दाईनेच आणली. सूर्य मावळण्याआधी दोघींना जाळा, नाहीतर बाळ हाती लागणार नाही."

साप साप म्हणून भुई धोपटायला राजवाड्यात माणसांची वाण नसते. लगेच अंगणात चिता रचू लागले. रानातल्या पाड्यावरून आलेली दाई कपिला हात बांधलेली उभी होती. "अंगावर पाजलंय हो मी बाळाला," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

अमात्यालाही धोका दिसत होता. बाळाचे बरेवाईट झाले तर दाईची बाजू घेणाऱ्याचे डोके धडावर राहणार नव्हते. पण निरपराध बाई जळताना पाहणे त्याला सोसवेना. "महाराज, हे काय आहे ते आधी ओळखू द्या," असे म्हणून त्याने पतंग तळहातावर घेतला.

"चावेल!" राणी किंचाळली.

"कशाने चावेल, देवी? याला तोंडच नाही."

राजाने वाकून पाहिले. सापाची तोंडे म्हणजे पंखांवरचे नुसते रंग होते. खऱ्या डोक्यावर पिसांसारख्या मिशा होत्या, पण ना सोंड, ना दात.

"मग ते रक्त कुठले? आणि बंद दारातून हे आले कसे?" वज्रकेश गरजला.

अमात्याने पाळण्याकडे पाहिले. वरच्या खेळण्यांच्या घोसात एक रानकोसा, म्हणजे रानातल्या रेशीमकिड्याचा कोष, लटकत होता. "कपिले, हा तू बांधलास?"

"होय, धनी. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात आमच्यात. आधी चुलीवर वाळवायचा असतो. पण बाळ रडत होतं, मी तसाच बांधला."

अमात्याने कोसा राजाच्या हाती दिला. "महाराज, काल हाच वाजवून आपण बाळाला हसवलंत. आता वाजवा."

राजाने हलवला. आवाज आला नाही. टोकाला ओलसर भोक होते, कडेला तेच तांबडे पाणी.

"खुळखुळत होता तो आतला किडा जिवंत होता, महाराज. पतंग होऊन निघाला आणि अंगातलं पाणी टाकलं. हे रक्त नव्हे."

"आणि ताप?" राजाने बाळाच्या कपाळावर हात ठेवून विचारले.

"त्याला वैद्य बोलवा. चितेने ताप उतरत नाही."

वैद्याने बाळाच्या हिरडीवरून बोट फिरवले, तर बोटाला उगवता पहिला दात टोचला; ताप त्याचाच होता. औषधाने दिवस कलण्याआधी ताप उतरला. कपिलेचे हात राजाने स्वतः सोडले. मनगटांवरचे वळ पाहून त्याला रडू आवरेना. त्याच हातांनी तिने बाळ उचलून छातीशी धरले.

पुढे बुद्धत्व मिळवलेल्या शास्त्यांनी ही कथा एका भिक्खूला सांगितली. हरवलेल्या चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, त्याने चौकशीआधीच सोबत्याला चोर ठरवले होते. "तेव्हाची कपिला म्हणजे हा तुझा सोबती," शास्ते म्हणाले, "अमात्य मी होतो, आणि चिता रचवणारा राजा तू."

भिक्खू उठला आणि सोबत्याच्या पाया पडला. दोष देण्याआधी नीट पाहणे, हीच करुणा.