वीणेचा पहारा

“…मग चातुर्मासभर मला मठात राहू द्याल ना, बुवा?”

केरबाने खांद्यावरची वळकटी अजून उतरवलीही नव्हती. तो विचारायला आला नव्हता. ठरवून आला होता.

मांजरा नदीकाठच्या त्या मठात सप्ताह बसला होता. मंडपात विणेकरी गळ्यात वीणा घेऊन, ‘रामकृष्णहरी’ म्हणत संथ पावलांनी येरझारा घालीत होता. अच्युतबुवा ओसरीवर तुळशीच्या मंजिऱ्या खुडीत बसले होते.

“घरी काय अडलं?” त्यांनी विचारले.

“घरी नाम उरलं नाही, बुवा. धाकटा रडू लागला की थांबत नाही. तो निजला की थोरली यमू त्याला उठवते. तिसरं सरत आलं तिला, पण भाऊ झाल्यापासून पुन्हा रांगायला लागली आहे! परवा माझी जपमाळ तिनं हंड्यात बुडवली. म्हणते, माळेला न्हाऊ घातलं.”

“मग माळ लखलखीत झाली असेल.”

“आपण हसता! संसारात राहून परमार्थ साधतो असं सांगणाऱ्यांच्या घरी पाळणा हलत नसावा.”

बुवांनी एक मंजिरी खुडली.

“आणि सगुणा?”

“ती साक्षात माउली आहे, बुवा. बारसं आटोपून तिची आई परत गेली. तेव्हापासून दोघांचं एकटीच करते, पण तोंडातून ब्र नाही. मी रोज पहाटे तिला मनोमन नमस्कार करतो.”

“मनोमन…”

“होय. आणि मग जपाला बसतो.”

मंजिऱ्यांचे तबक बाजूला ठेवून बुवा मंडपात गेले. विणेकऱ्याचा पहारा संपत आला होता.

“आता वीणा तू घे,” ते केरबाला म्हणाले. “तुझ्यामागून राघोबा घेईल. मग तुझ्या मुक्कामाचं बोलू.”

केरबाचा चेहरा उजळला. सप्ताह उठेपर्यंत वीणा भुईला टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की ती दुसऱ्याच्या गळ्यातच जायची, हा मठाचा नेम. तो नेम आपल्याइतक्या निष्ठेने पाळणारा उभ्या पंचक्रोशीत दुसरा नाही, असे केरबाचे स्वतःचे मत होते.

त्याने वळकटी खांबाशी ठेवली. वीणेला वंदन केले, पट्टा गळ्यात घातला आणि नामाला आरंभ केला.

पहारा सरला. राघोबा आला नाही.

केरबाने मान वळवून पाहिले. राघोबा ओसरीवर बुवांशेजारी मांडी ठोकून बसला होता आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होता.

“रामकृष्णहरी!” केरबा जरा मोठ्याने म्हणाला.

“रामकृष्णहरी,” राघोबाने बसल्या जागेवरून साथ दिली.

लोक येत. वीणेला हात लावीत, केरबाच्या पायांवर डोके ठेवीत. “काय ही निष्ठा!” म्हणत. आणि पुढे जात…

चुलवणावरून आमटीचा वास येऊ लागला. खांदा बधिर झाला. नाकावर माशी येऊन बसली. तिला हाकलायला हात मोकळा नव्हता.

पंगत बसली. पंगत उठली. येणारे येतच होते, पाया पडतच होते.

तेव्हा केरबाला सकाळचे आपले दार दिसले. खांद्यावर तान्हे, पदराला लोंबकळणारी यमू, आणि उरलेल्या एका हाताने चुलीतले लाकूड मागे ओढणारी सगुणा.

“यमूला घटकाभर घेता का?” एवढेच ती म्हणाली होती.

“मठात सप्ताह चालू आहे. उशीर होतो,” तो म्हणाला होता.

‘रामकृष्ण’ म्हणून केरबा थबकला. ‘हरी’ मागाहून आले.

अखेर बुवा उठले. मंडपात आले. केरबाने सुटकेचा श्वास सोडून पट्ट्याकडे हात नेला…

बुवांनी मात्र हात जोडले. गुडघे टेकले. आणि साऱ्या मंडपादेखत त्यांनी शिष्याच्या पायांवर मस्तक ठेवले.

“पाया नका पडू, बुवा!” केरबा ओरडला. “वीणा घ्या!”

मंडपातल्या साऱ्या माना त्याच्याकडे वळल्या.

आपण काय बोललो, ते केरबाला तेव्हा ऐकू आले.

बुवा सावकाश उभे राहिले. त्यांनी मान पुढे केली. केरबाने पट्टा त्यांच्या गळ्यात घातला. वीणा क्षणभरही थांबली नाही.

केरबाने खांबाजवळची वळकटी उचलली आणि खांद्यावर टाकली.

“अरे, दोन घास खाऊन तरी जा!” राघोबा ओशाळून म्हणाला.

“नको. मला आधी घरी पोहोचायचं आहे.”

तो पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर मात्र त्याचे पाऊल अडखळले. इतक्या वर्षांची सवय. ती अशी एका दुपारी सुटते थोडीच! त्याने मागे वळून पाहिले.

“बुवा… माझा पहारा?”

बुवांनी तार छेडली.

“इथला संपला.”