धुरपा खाटकीण आणि डोंगरावरचा राक्षस

फार जुनी गोष्ट आहे, बरं का. तेव्हा डोंगरात राक्षस राहायचे, रानात बुटके राहायचे, आणि ज्याच्या कमरेला तलवार असेल तो गुप्तधन शोधायला निघालेला असायचा. त्या काळात एका उंच डोंगराच्या पायथ्याला धुकेवाडी नावाचं गाव होतं, आणि गावात एका खाटकाचं दुकान होतं.

दुकान घरचंच. बाप मांस तोडायचा, आई गिऱ्हाइकांना पुडे बांधून द्यायची, आणि त्यांची मुलगी धुरपा सुऱ्यांना धार लावायची. धार अशी लावायची की केस नुसता वरून सोडला तरी दोन तुकडे व्हावेत.

गुप्तधनासाठी डोंगरातल्या गुहेकडं जाणारे तलवारबाज याच गावात मुक्कामाला उतरायचे. माणसं भली, पण त्यांना एक खोड होती. कोणीही दिसलं की विचारायचे, "काही काम आहे का? कोंबडी हरवलीय का? विहिरीत काही पडलंय का?"

गावातल्या बाया म्हणायच्या, "कोंबडी इथंच आहे रे बाबा. तू आपला गप बस बघू सावलीला."

आता खाटकाच्या घरात एक रीत होती. सत्तूर उचलायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, "खाणार कोण?" बाळंतीण असली तर रश्श्यासाठी पाय द्यायचे. लहान पोर असलं तर कलेजीचा मऊ तुकडा. बुटके आले की चरबीचं मांस, कारण त्यांना थंडी फार वाजायची. आणि दात गेलेलं म्हातारं माणूस असलं तर बारीक खिमा.

बाप म्हणायचा, "बकरं एकच असतं, पण तोंडं वेगवेगळी असतात."

एके दिवशी बाप बकरी बघायला पलीकडच्या बाजाराला निघाला. जाताना त्यानं सत्तूर धुरपाच्या हातात दिला. म्हणाला, "आज दुकान तुझं."

धुरपाला आभाळ ठेंगणं झालं. तिचा हात वाऱ्यासारखा चालायला लागला. खटाखट खटाखट! रांगेतली माणसं बघतच राहिली.

इतक्यात दुकानावर सावली पडली. भर सकाळी अंधारल्यासारखं झालं. धुरपानं वर बघितलं, तर डोंगरावरचा राक्षस! खांद्यावर वाळलेल्या लाकडाचा हा एवढा ओंडका. तो त्यानं दुकानासमोर ठेवला आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "हे लाकूड घे पोरी, आणि मला जरा मांस..."

"कळलं, कळलं!" धुरपा म्हणाली.

"म्हणजे असं की, माझ्या घरी..."

"अहो दादा, कळलं! तुम्ही नुसतं बघा."

राक्षसाला काय विचारायचं, असं तिला वाटलं. एवढा मोठा जबडा, त्याला हाडं लागणार. म्हणून तिनं दुकानातल्या सगळ्यांत चांगल्या मांड्या काढल्या, जाड जाड नळीची हाडं काढली, आणि हात जराही आखडता न घेता मोठा गठ्ठा बांधून दिला. राक्षसानं गठ्ठ्याकडं बघितलं, धुरपाकडं बघितलं, आणि मान खाली घालून निघून गेला.

"लाजला बिचारा," धुरपा हसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाप घरी होता. दुकान उघडलं, तेवढ्यात जमीन हादरायला लागली. वरची मडकी एकमेकांवर आपटली. राक्षस धाडधाड डोंगर उतरून आला आणि कालचा गठ्ठा त्यानं जवळजवळ जसाच्या तसा दुकानासमोर आपटला.

"हे असलं दुकान गावात कशाला पाहिजे?" तो गरजला. "उपटतो आणि टाकतो दरीत!"

आणि खरंच त्यानं दुकानाच्या खांबाला हात घातला. छप्पर कुरकुरलं. सावलीला बसलेल्या तलवारबाजांनी सपासप तलवारी उपसल्या. त्यांचा म्होरक्या मिश्यांवरून हात फिरवत म्हणाला, "चला रे! शेवटी मिळालं एकदाचं काम!"

"आत घाला त्या तलवारी," खाटीक म्हणाला आणि स्वतः पुढं व्हायला लागला. पण धुरपानं त्याचा हात धरला.

"थांबा बाबा. काल सत्तूर माझ्या हातात होता."

ती मांस तोडायच्या ठोकळ्यावर चढली. तरी राक्षसाच्या गुडघ्याएवढीच भरत होती. मान वर करून तिनं विचारलं, "दादा, काल विचारायचं राहिलं. खाणार कोण होतं?"

राक्षसानं खांब सोडला. मग तो रस्त्यातच मटकन बसला. त्या हादऱ्यानं अर्ध्या गावाचं ताक सांडलं.

"आई," तो म्हणाला.

मग त्यानं डोंगराकडं बोट केलं.

"माझी आई म्हातारी झालीय. तिचे दात गेले. मला स्वयंपाक येतो तो एवढाच, मांस विस्तवावर धरायचं. काल तिला तुझं ते हाड दिलं. तिनं तोंडात धरलं आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, 'छान आहे रे बाळा.' मग तोंड फिरवून रडत बसली. तिला वाटतं, मला दिसलं नाही."

हे ऐकून धुरपाचेच डोळे भरून आले.

"चूक माझी आहे, दादा," ती म्हणाली. "तुम्ही सांगत होता आणि मी ऐकून घेतलं नाही. दुकान उपटायचं तर मग उपटा. आधी तुमच्या आईचं जेवण होऊ द्या."

राक्षसानं नाक ओढलं आणि मान डोलावली.

पण राक्षसाच्या आईला पुरेल एवढा खिमा म्हणजे काही थट्टा नाही. एक सत्तूर किती चालणार? धुरपानं इकडंतिकडं बघितलं. तलवारबाज अजून तलवारी हातात धरून उभेच होते.

"अहो मिशीवाले," ती म्हणाली, "काम हवंय ना? तलवारी गरम पाण्यानं धुऊन आणा."

"मी सात मुंडक्यांच्या सापाशी लढलोय," म्होरक्या म्हणाला. "मी खिमा करू?"

"सापापेक्षा अवघड आहे," धुरपाची आई म्हणाली. "बघा जमतंय का!"

झालं. रस्त्यावर फळ्या मांडल्या. एका तालात तलवारी चालायला लागल्या. बुटके ओळीनं लसूण सोलत बसले. गावातल्या जादूगारानं आपली औषधं उकळायची मोठी कढई घासूनपुसून आणली. राक्षसाला वाटलं, आपणही हातभार लावावा. म्हणून त्यानं चुलीला फुंकर घातली. चूल तर विझलीच, पण म्होरक्याचा फेटा उडून चिंचेच्या झाडावर जाऊन बसला. पोरं खिदळायला लागली, आणि आधी गुरगुरून मग राक्षसही हसला.

धुरपा मात्र हसता हसता आपलं काम सोडत नव्हती. खिम्याचा प्रत्येक मुटका ती दोन बोटांनी चाचपून बघायची. हाडाची एखादी कपची राहिली तर म्हातारीच्या हिरड्यांना टोचायची.

"एवढं कशाला बघतेस?" म्होरक्यानं विचारलं. "राक्षसीण आहे ती!"

"दात नसले की सगळ्यांची हिरडी सारखीच," धुरपा म्हणाली आणि दुसरा मुटका हातात घेतला.

आईनं तिखट बेतानं घातलं, वरून कोथिंबीर पेरली. वास असा सुटला की गुहेकडं निघालेली माणसं वाटेतून माघारी आली. राक्षसानं कढई दोन्ही हातांत धरली आणि सांडू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत डोंगर चढायला लागला.

गाव सगळं रस्त्यात उभं राहून वर बघत होतं. खाटीक, त्याची बायको, बुटके, तलवारबाज, सगळे. धुरपानं ओढणीचं टोक दातात धरलं होतं. दुकान राहणार की दरीत जाणार, ते आता वरून कळायचं होतं.

बराच वेळ गेला.

आणि मग डोंगरावरून आवाज आला. आधी वाटलं, दरड कोसळली. कौलं खडखडली, कोंबड्या उडाल्या, फेटा झाडावरून खाली पडला. ती दरड नव्हती. ती ढेकर होती. पोट भरलेल्या म्हातारीची, चांगली लांबलचक, समाधानाची ढेकर.

मग सगळं गाव पोट धरून हसत सुटलं. खाटकानं धुरपाच्या पाठीवर थाप मारली. आणि हसणं थांबतंय न थांबतंय, तोच वरून राक्षसाची हाक आली.

"ए धुरपाताई! आई विचारतेय, अजून आहे का?"

तात्पर्य एवढंच, लेकरांनो: हात कितीही सढळ असला, तरी द्यायच्या आधी समोरच्याला काय हवं ते त्याला विचारावं, आणि तो सांगेपर्यंत थांबावं.