हुकूम जपू की रद्दीत देऊ?

साताऱ्याजवळचा एक पंपांचा कारखाना पुण्याच्या बड्या कंपनीत विलीन झाला, आणि नवे संचालक सबनीस पहिल्याच दिवशी दफ्तरखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. आत शालनताई खरमाटे तेवीस वर्षांचे करार आणि तपासणीचे अहवाल नीट लावून बसल्या होत्या.

“हा कचरा आजच रद्दीत द्या,” सबनीस म्हणाले. “कंपनी नवी, कारभार नवा!”

एका गावाच्या पाणीयोजनेचा पंप फुटल्याचा दावा कारखान्यावर चालू होता, आणि पंप तपासूनच पाठवल्याचा पुरावा याच गठ्ठ्यांत होता. कारखान्याबरोबर त्याचे दावेही येतात, हे शालनताईंनी सांगून पाहिलं. सबनीसांनी ते उडवून लावलं.

“बरं साहेब. मग तेवढा हुकूम लेखी द्या.”

“तो कशाला?”

“कागद कुठे गेले असं कोर्टानं विचारलं, तर दाखवायला नको?”

सबनीसांनी ऐटीत चार ओळी लिहून सही ठोकली. शालनताईंनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि नम्रपणे विचारलं, “साहेब, हा जपून ठेवू, की जुना झाला की हाही रद्दीत देऊ?”

सबनीसांसोबत आलेल्या कंपनीच्या लेले वकिलांना हसू आवरेना. जपा म्हणावं, तर जुने कागद लागतात हे कबूल करावं लागणार; रद्दीत द्या म्हणावं, तर कोर्टात हात रिकामे. शेवटी सबनीसही हसले आणि हुकूम टराटरा फाडून म्हणाले, “ताई, रद्दीत एवढाच द्या.”

दोन महिन्यांनी तपासणीचा अहवाल कोर्टात दाखल झाला, दावा फेटाळला गेला, आणि शालनताईंनी तो अहवाल परत आपल्या जागी लावून ठेवला.