गटातलं एकच घड्याळ

"...आणि पाण्यात बुडालं तर?" माईंनी विचारलं.

"दोनशे मीटर खोल गेलं तरी चालतं, माई."

"एवढं खोल कोण जातं रे?"

"माणूस नाही जात. घड्याळ जाऊ शकतं."

माईंनी मान हलवली. पुढ्यात घोंगडीवर तीन मनगटी घड्याळं मांडलेली होती. तिन्ही नवी. खोकी बाजूला उघडी पडलेली.

तांबकड्याच्या पायथ्याशी आनंदीमाईंचा मठ. मठ कसला, दोन खोल्या, एक ओसरी आणि दत्ताच्या पादुका. माघ लागला होता, पण त्या दिवशी ऊन असं नव्हतंच. सकाळपासून धुकं कड्यावरून खाली उतरत होतं. दुपार झाली तरी ते ओसरीच्या पायऱ्यांपाशी तसंच बसून होतं.

समोर बसलेला सुदर्शन बोऱ्हाडे डोंगर चढणाऱ्यांच्या एका गटाचा म्होरक्या. पंधरा वर्षं लोकांना सुळके-कडे चढवून आणत होता. बोलणं तुटक, मान ताठ. गेल्या भाद्रपदात, ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, याच तांबकड्यावर त्याचा धाकटा भाऊ सिद्धेश गेला. त्यानंतर सुदर्शन या बाजूला आजच आला होता.

त्यानं पहिलं घड्याळ उचललं.

"हे उन्हावर चालतं. सेल बदलायची भानगड नाही. चौथ्या मजल्यावरून टाका, काच फुटणार नाही. उंची सांगतं, दिशा सांगतं, हवा बिघडणार असेल तर तेही सांगतं."

माईंनी ते घेतलं आणि तळहातावर तोललं.

"घड्याळ आहे की वरवंटा?"

"मजबूत असतं असं, माई."

"मंगळागौरीला नव्या नवऱ्यासुद्धा एवढं ओझं अंगावर घालत नाहीत बाबा. आणि हे?"

"याला पोलादी पट्टा आहे. काचेवर चरा उठत नाही. पण थंडीत पट्टा गार पडतो, आणि दोरावर घासतो. तिसऱ्याला रबरी पट्टा. काटे जाड, अंधारात उजळतात. चिखल लागला तर पाण्याखाली धरायचं, झालं. तिघांत ते साधं. वेळ सोडून दुसरं काही सांगत नाही."

"तुला सगळं कळतंय. मग मला कशाला विचारतोस? माझ्या मनगटाला कधी दोरासुद्धा नाही."

"तुम्ही सांगाल ते घेणार. आणि एकदा पादुकांवर ठेवून द्या."

"कशासाठी?"

"आईला सांगता येईल. हे बघ, माईंनी दिलंय, हे बंद पडायचं नाही, म्हणून."

माईंनी हातातलं घड्याळ घोंगडीवर ठेवलं.

"कशी आहे कौसल्या?"

"दोनदा चक्कर येऊन पडली. दुसऱ्यांदा चुलीपाशीच. डॉक्टर म्हणाले, अंगातलं मीठ फार उतरलंय, आता पुन्हा पडली तर काही सांगता येत नाही." त्यानं मान खाली घातली. "पाच महिने मिठाचा कण तोंडात घेतला नाही तिनं. भाकरी अळणी, डाळ अळणी. तुमच्यासमोर संकल्पाचं पाणी सोडलंय म्हणते. माईंनी सांगितलं तरच मोडेन म्हणते. म्हणून आलो. तुम्ही एक शब्द टाका, माई."

"कुठलंही व्रत घे. सोळा सोमवार म्हण, चातुर्मास म्हण. त्याला मुदत असते. शेवटी उद्यापन असतं, चार माणसं जेवतात, देवाला नमस्कार करून बाई मोकळी होते. मी तिला विचारलं होतं, मुदत किती धरतेस?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मुदत नको."

...

माई उठून आत गेल्या. पितळी भांड्यात ताक घेऊन आल्या आणि त्याच्यापुढे ठेवलं.

सुदर्शननं एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

"माई, मीठ..."

"मठात नाही. तुझ्या आईनं सोडलं त्या दिवसापासून आणलेलं नाही."

त्यानं भांड्याकडे पाहिलं. मग औषध प्यावं तसं एका दमात सगळं संपवलं.

"कशापायी सोडलं तिनं, ठाऊक आहे तुला?"

"आहे."

"मग सांग."

"तुम्हाला सांगितलंच असेल की तिनं."

"तिनं सांगितलं. तू नाही सांगितलंस."

सुदर्शननं घसा साफ केला.

"बाबांचं घड्याळ होतं. किल्लीचं. ते कालव्यावर पाटकरी होते. तीस वर्षं उन्हापावसात त्याच घड्याळावर लोकांच्या शेतात पाण्याच्या पाळ्या सोडल्या त्यांनी. ते गेल्यावर आईनं माझ्या हाताला बांधलं. मोहिमेवर निघालो की ती सकाळी स्वतः किल्ली देऊन माझ्या हातात द्यायची. देवापुढे ठेवून, हळदकुंकू लावून. त्या दिवशीही दिलं."

"मग?"

"वर बंद पडलं. दोनला परत फिरायचं ठरलं होतं. कळलंच नाही. उतरायला उशीर झाला. धुकं होतं, त्यात अंधार पडला... कातळाच्या टप्प्यावर सिद्धेशचा पाय..."

त्यानं रिकामं भांडं बाजूला सरकवलं.

"आई म्हणते, मीच माझ्या हातानं लेकरांना मेलेलं घड्याळ बांधून दिलं. जुनं झालं होतं, मला कळायला हवं होतं, म्हणते."

धुक्यात कुठंतरी एक कावळा दोनदा ओरडला.

"बाकीच्यांकडं घड्याळं नव्हती?"

"गटात एकच घड्याळ. माझा नियम आहे तो. मोबाईल बंद करून पिशवीत. जो तो वेळ बघायला लागला की पाय ढिले पडतात, माई. कुणाला भूक लागते, कुणाला घर आठवतं. वेळ म्होरक्यानं बघायची. बाकीच्यांनी त्याच्या पाठीकडे बघायचं आणि चालायचं."

"वर किती जण होतात?"

"चौघांना खिंडीत थांबवलं होतं. शेवटच्या चढाला आम्ही दोघंच."

"हं." माईंनी पहिलं घड्याळ पुन्हा हातात घेतलं. "परतायची वेळ झाली की हे सांगतं?"

"सांगतं ना. गजर लावायचा. वाजतो, वर मनगटाला थरथर जाणवते. वाऱ्यात ऐकू आला नाही तरी कळतं."

"मग तू फिरशील?"

"म्हणजे काय! फिरणारच की!"

आवाज जरा मोठाच लागला. त्याचं त्यालाच ते जाणवलं. तो पट्ट्याचं बक्कल उगाच उघडझाप करत राहिला.

माईंनी पहिलं घड्याळ मनगटावर बांधलं. हात जमिनीवर टेकत उठल्या.

"ऊठ. माझ्या मागून चाल. चढावर चालतोस तसं. मध्ये दोन हात अंतर ठेव."

"माई, हे काय..."

"ऊठ म्हणते ना."

माई ओसरीवरून चालू लागल्या. एक हात भिंतीला, एक मोकळा. मागून सुदर्शन. सहा फुटांचा गडी, त्या एवढ्याशा म्हातारीच्या मागं पाऊल आखडून चालत होता.

"किती वाजले?" मागं न बघता माईंनी विचारलं.

"दिसत नाही. आकडे फार बारीक आहेत."

माईंनी घड्याळ बदललं. दुसरं बांधलं. पुन्हा ओसरीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत.

"आता?"

"काच चकाकते. नाही दिसत."

तिसरं बांधलं.

"आता?"

"सव्वातीन."

"चटकन दिसलं?"

"हो. काटे मोठे आहेत."

"मग हे घे. मागून येणाऱ्याला वाचता येतं."

सुदर्शनला हसू आल्यासारखं झालं.

"माई, मागच्यानं कशाला वाचायचं? पुढचा बघतोय ना."

माई थांबल्या. वळल्या. मनगट तसंच त्याच्याकडे धरलेलं.

"तुझ्या बाबांच्या घड्याळाचे काटे कसे होते रे?"

तो तिच्या मनगटावरच्या काट्यांकडे बघत राहिला.

"सुदर्शन."

"मोठे होते."

"आणि सिद्धेश तुझ्या किती हात मागं होता?"

तो उभाच राहिला. मग भिंतीला पाठ घासत खाली बसला. एवढा ताठ माणूस, पण बसताना त्याला आधार लागला.

"मी बाही खाली ओढली, माई."

माईंनी मनगटावरचं घड्याळ सोडलं.

"दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. मला दिसलं होतं. सिद्धेशच्या आधीच दिसलं होतं. माथा समोर होता. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. तीन वर्षं तो माथा मला हुलकावणी देत होता. मागून सिद्धेश म्हणाला, दादा, दोन वाजून गेले. मी म्हणालो, तुला चुकीचं दिसलं. आणि रेनकोटची बाही घड्याळावर ओढली."

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही... आला माझ्या मागं."

माई त्याच्यासमोर घोंगडीवर बसल्या.

"मग घड्याळ बंद कधी पडलं?"

"घरी."

"घरी?"

"त्याला घरी आणलं, आई विचारत होती, वेळेवर का नाही फिरलात, अरे वेळेवर का नाही फिरलात. सगळा गाव उभा होता. माझ्या तोंडून निघून गेलं, घड्याळ बंद पडलं. आणि ते तर हातावर चालत होतं, माई. मी आत गेलो. रुमालात गुंडाळलं, कपाटात कपड्यांखाली घातलं. किल्ली दिली नाही. रोज किल्ली द्यावी लागणारं घड्याळ, मला वाटलं संध्याकाळपर्यंत थांबेल. सकाळी कान लावला, चालूच. दीड दिवस चाललं ते. दीड दिवस! थांबलं तेव्हा बाहेर काढलं आणि आईला दाखवलं."

"तिनं काय केलं?"

"हातात घेतलं. पदरानं पुसलं. आणि स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत बसली."

धुकं आता पायऱ्या चढून ओसरीत आलं होतं. पादुकांपुढचं निरांजन तेवत होतं, पण त्याचा उजेड वीतभरही पोचत नव्हता.

सुदर्शन म्हणाला,

"तुम्ही तिला मीठ खायला सांगा, माई. तुमचा शब्द ती मोडणार नाही. तेवढं करा. मी पुन्हा कधी डोंगर चढणार नाही, तुम्ही सांगाल ते व्रत मी घेतो. चपला सोडतो, भात सोडतो..."

"तू काही सोडू नकोस. तुमच्या घरात पुष्कळ सोडून झालंय."

"मग तिला सांगाल?"

"सांगेन की. आज निरोप धाडला तर उद्या खाईल. पहिल्याच घासाला तिला वाटेल, पोराला मारून मी चवीनं जेवते. आणि तो घास ती तुझ्यासमोर बसून गिळेल. रोज. चालेल तुला?"

त्यानं दोन्ही तळव्यांत तोंड झाकलं. खांदे हलत होते. माईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही आणि त्याला थांबवलंही नाही. तीन घड्याळं एकेक करून खोक्यांत घातली, झाकणं लावली, आणि त्याच्या पिशवीत ठेवून दिली. पादुकांवर एकही ठेवलं नाही.

मग म्हणाल्या,

"पावणेचारची गाडी मिळाली तर दिवेलागणीला पोचशील. ती तेव्हा तुळशीपाशी असते."

सुदर्शन उठला. तोंड पुसलं. पिशवी खांद्याला लावून पायऱ्या उतरला. चार पावलं गेला आणि धुक्यात नुसता काळसर दिसायला लागला. तिथंच थांबला.

"माई..."

"काय रे?"

"ऐकल्यावर तिनं तोंडावर दार लावून घेतलं तर?"

माई ओणव्या होऊन ताकाचं भांडं विसळत होत्या. मान वर केली नाही.

"पायरीवर बस. म्हातारीला दार उघडायला वेळ लागतो."