कवटीपाशी थांबलेली हत्तीण

"लंगड्यापांगळ्यांना वाटेत टाकून जाणाऱ्यांनाच आपण थोर म्हणत आलो."

फार पूर्वी एका कळपात मेघी नावाच्या तरुण हत्तिणीने हे पहिल्यांदा उघड म्हटले.

तळ्याकाठी जुन्या म्होरकीची कवटी होती. दुष्काळात तिनेच कळपाला या पाण्यावर आणले होते, पण चालू न शकणाऱ्यांना मागे ठेवून. तरी येताजाता प्रत्येक हत्ती तिच्यावरून सोंड फिरवी.

"आजपासून हिला कोणी शिवायचं नाही," मेघी म्हणाली. सगळ्यांना पटले. पोटभर पाणी पिऊन, न्याय केल्याच्या आनंदात, कळप झपाझप निघाला.

लंगडी रेवामावशी मागे पडली. तिच्या आईला त्याच म्होरकीने दुष्काळात सोडले होते.

"पोरींनो, जरा सावकाश," तिने हाक मारली. कोणी वळले नाही. धूळ खाली बसली, वाट रिकामी दिसली. मग तिने कवटीवर सोंड ठेवली.

"तू हिला शिवतेस?" पाठीवरच्या बगळ्याने विचारले.

"इथे दुसरं आहे कोण?"

बगळ्याने कळप गेला त्या वाटेकडे पाहिले.

"यंदा तर दुष्काळही नाही," तो म्हणाला.