एका पायावरची साळुंकी

त्या रानात हाकेला ओ न देणे हा सर्वांत मोठा उद्धटपणा मानला जाई. चोरी एक वेळ माफ होई. पण हाक ऐकूनही मान न वळवणाऱ्याशी महिनाभर कुणी बोलत नसे. "आमच्याकडे कुणाची हाक वाया जात नाही," असे तिथले प्राणी परक्यांना ऐटीत सांगत.

रानाच्या मध्यावर, जांभळीखाली, आजाऱ्यांसाठी गवताच्या गाद्या घातलेल्या होत्या. त्यांना औषध द्यायचे काम साळुंकीचे. पानांचे द्रोण मांडायचे आणि ज्याचा त्याचा रस थेंब थेंब मोजून घालायचा. त्यातला एक रस काळ्या फळाचा होता. तीन थेंबांनी अडखळणारे काळीज ताळ्यावर येई, सहा थेंबांनी ते कायमचे थांबे.

साळुंकी कामात चोख होती. पण एका थेंबापासून दुसऱ्या थेंबापर्यंत जाताना तिला सगळे रान ओलांडावे लागे.

"साळुंकीबाई, आमच्या मेव्हण्यांना भेटायला कधी येऊ?"

"अगं, माझ्या नाकावरची ही माशी तेवढी हाकल."

"बाई, मोर आज नाचणार म्हणतात, खरं का?"

ती प्रत्येकाला ओ देई, हसून उत्तर देई आणि परत द्रोणाकडे वळे. दोन झाले होते की तीन?

रांगेतली एक गादी रिकामी होती. गेल्या शिशिरात तिच्यावर एक हरिणी होती. तेव्हाही साळुंकी मोजत होती आणि तेव्हाही कुणीतरी हाक मारली होती. तिला कुणी बोल लावला नाही. तीही त्याविषयी कधी बोलली नाही. फक्त ती गादी ती रोज झटकून ठेवी.

एके दिवशी सशिणीचे पिल्लू काळजाच्या दुखण्याने तिथे आले. साळुंकीने तीन थेंब घातले, तोच पोपटाने हाक मारली. ती उत्तर देऊन आली आणि पुन्हा एकपासून मोजू लागली. पिल्लाने द्रोणाला तोंड लावले, इतक्यात शेजारच्या गादीवरचे कासवआजोबा म्हणाले, "पोरी, थांब. मी सहा मोजले."

साळुंकीने पंखाने द्रोण उडवला.

"सांडलं का? असू दे हो बाई," सशीण हसत म्हणाली.

रानाचा मुखिया असलेल्या अस्वलाकडे साळुंकी स्वतःच गेली आणि तिने घडले ते सांगितले. अस्वलाने सभा भरवली, दुपारपर्यंत विचार केला आणि कावळ्याला तिच्यावर नेमले. प्रत्येक थेंबाला त्याने विचारायचे, "बाई, लक्ष आहे ना?" आणि रीतीप्रमाणे तिने म्हणायचे, "ओ, आहे."

दुसऱ्या दिवशी तिला एकच द्रोण चार वेळा ओतून टाकावा लागला.

"मी होतो म्हणून कळलं!" कावळा म्हणाला.

द्रोण धुवायला ती तळ्यावर गेली. तिथे बगळा एका पायावर उभा होता. तित्तिराने त्याला तीनदा हाक मारली. बगळ्याने मान वळवली नाही. उलट पाण्यावर आलेल्या म्हशीच तित्तिरावर डाफरल्या, "ए, गप! बघत नाहीस का, तपाला बसलाय तो?"

"बसलाय कुठे? उभा आहे की!" तित्तिर पुटपुटला, पण गप्प झाला. बगळ्याने शांतपणे एक मासा गिळला.

साळुंकी बराच वेळ बघत राहिली. मग धुतलेले द्रोण उचलून ती भराभर परतली.

जांभळीखाली येऊन तिने पिल्लाचा द्रोण पुढे ओढला, एक पाय पिसांत ओढून घेतला आणि काळे फळ चोचीत धरले.

पहिला थेंब पडला.

"बाई, लक्ष..." कावळ्याने सुरुवात केली, आणि तिचा पाय बघून चोच मिटली. पोपट हाक मारायला आला होता, तो फांदीवरच थबकला. मेव्हण्यांना भेटायला आलेला रानडुक्कर श्वास धरून उभा राहिला.

दुसरा थेंब पडला.

तेवढ्यात खुद्द अस्वल पाहणीला आले. "साळुं..." एवढेच त्याच्या तोंडून निघाले.

"शू!" कासवआजोबा म्हणाले. "दिसत नाही का तुला?"

अस्वलाला दिसले. पुढचे पाऊल टाकले तर पाचोळा वाजेल, म्हणून ते उचललेले पाऊल हवेतच धरून राहिले. रानात कधी नव्हे ते इतके शांत झाले, की तिसरा थेंब पानावर पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

पिल्लू रस प्यायले, त्याने तोंड वाकडे केले आणि शेजारच्या रिकाम्या गादीवर उडी मारली. साळुंकीने त्याला हटकले नाही.

तिने दुसरा पाय जमिनीवर टेकवला, मान वळवली आणि ती म्हणाली, "ओ."